७५० पैकी २८२

ज्यांना प्रवासात नेट दगा देतं किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे घसरलो होतो तिथे थोडी डागडुजी केलीय, बाकी तेच.

आपल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. कुणाला बीकॉमला ५४ टक्के आहेत, कुणाची इंजिनिअरिंगची दोन वर्षं गेलीत, कुणी दहावीला गणितात जेमतेम काठावर सुटलेलं आहे. आणि सगळ्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात अर्ज करण्यात काही अर्थ आहे का? मी काही करिअर काउन्सेलर नाही, इतिहासातला माणूस आहे. त्यामुळे माझ्याकडे उत्तराऐवजी एक जुनी केस आहे. ती तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटेल. तरी एकदा सावकाश बघू.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. मार्क पडले ७५० पैकी २८२. मोबाइल हातातच आहे तर भागून बघा. ३७.६ टक्के. मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. आणि १९१३ च्या जुलैमध्ये हाच मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

आता इथे बऱ्याच जणांच्या तोंडावर एक वाक्य येतं, ‘बघा, मार्कांनी काही होत नाही!’ व्हॉट्सअॅपवर असे फोटो फिरतात. मला ते वाक्य पटत नाही. त्यात अर्धी गोष्ट गाळलेली असते, आणि गाळलेली अर्धी गोष्टच आपल्या कामाची आहे.

आधी त्या २८२ मध्ये काय काय होतं ते बघू.

लोअर परळची डबक चाळ. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच माणसं झोपायची. धनंजय कीरांच्या चरित्रात या खोलीचं वर्णन आहे. कोपऱ्यात जातं, पायाशी बांधलेली शेळी, आणि अभ्यासाला रॉकेलची चिमणी. वडील रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे आणि स्वतः जागे राहून रात्री दोनच्या सुमाराला उठवायचे, कारण सगळी चाळ झोपलेली असते तीच वेळ शांत. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांचे दागिने गहाण टाकून पुस्तक यायचं, पेन्शन आली की दागिना सुटायचा.

हे गरिबीचं झालं. गरिबी तेव्हा परळमध्ये कुणाला नव्हती? पण शाळेत आणखी एक गोष्ट होती. भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायचं नाही म्हणून ते मिळालं नाही, पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे मार्कलिस्टवर पर्शियनचा जो आकडा दिसतो, तो विषयच मुलाने निवडलेला नाही. मार्कलिस्टवर हे कुठे छापत नाहीत. छापायला रकानाच नसतो.

आणखी एक सांगतो. त्या काळात परीक्षक आजच्यासारखे सढळ हाताने मार्क देत नसत, त्यामुळे तेव्हाचे ३७ आणि आजचे ३७ एका तराजूत घालू नका. तरीही २८२ हे काही वरच्या नंबरातले मार्क नव्हेत, हे खरंच. ज्यांना नुसत्या मार्कांवर मुलं निवडायची होती, त्यांच्या यादीत हे नाव आलं नसतं.

मग नजरेत आलं कुणाच्या?

चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला दिसायचा. तिथेच विल्सन हायस्कूलचे एक शिक्षक यायचे, कृष्णराव अर्जुन केळुसकर. मराठीत शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहिणारे ते हेच. त्यांनी चौकशी केली, मग पुस्तकं देऊ लागले. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर चाळकऱ्यांनी सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. केळुसकरांनी तिथे स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाला भेट दिलं. ३७ टक्क्यांना सत्कार! हसू नका. महाराच्या मुलाने मॅट्रिक होणं ही त्या काळी सभा भरवण्याइतकी मोठी बातमी होती.

मला केळुसकर इथे फार महत्त्वाचे वाटतात. त्यांनी या मुलाचे मार्क बघायच्या आधी त्याला वाचताना पाहिलं होतं. किती दिवस येतो, काय वाचतो, पुस्तक संपलं की काय विचारतो. ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

एल्फिन्स्टन कॉलेजात एक वर्ष आजारपणात गेलं. इंटरनंतर रामजींची ओढाताण संपता संपेना. तेव्हा केळुसकरच त्याला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती लावून दिली. कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तकं दिली, कपडे दिले. आणि त्याच कॉलेजात चहा-पाणी ठेवणारा माणूस या विद्यार्थ्याला पाणीसुद्धा देत नव्हता. एका इमारतीत दोन्ही.

१९१२ ची बी.ए. पदवी हातात आली. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि २ फेब्रुवारी १९१३ ला वडील गेले. रात्री दोनला उठवणारा माणूस गेला. वय होतं एकवीस, घरात बायको रमाबाई, मोठं कुटुंब, आणि मिळवता हात कोणता ते ठरायचं होतं.

त्याच सुमाराला सयाजीराव काही विद्यार्थ्यांना कोलंबियाला पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले. निवड झाली. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली. अट अशी की ठरलेलाच अभ्यास करायचा, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? तेव्हा पौंडाला १५ रुपये पडायचे, म्हणजे साधारण १७२ रुपये. डॉलरमध्ये ५६ च्या आसपास. त्यातून न्यूयॉर्कमध्ये राहायचं, खायचं, आणि परळला घरीही पैसे पाठवायचे. रुपया-पौंडाच्या या भानगडीवर याच माणसाने दहा वर्षांनी लंडनला प्रबंध लिहिला, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. मला नेहमी वाटतं, मनिऑर्डरचा हिशेब करताकरता विषय डोक्यात शिरला असेल. पुरावा नाही माझ्याकडे, उगाच आपलं वाटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जरा लक्ष द्या, कारण इथेच आजचा विद्यार्थी फसतो.

१९१३ साली कोलंबियाच्या पदव्युत्तर विभागाच्या दारात आजच्यासारखी गर्दी नव्हती. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असली की दार बहुतेक उघडायचं. ‘शंभरातून पाच निवडणार’ हा प्रकार तेव्हा नव्हताच. मग चाळणी कुठे होती? न्यूयॉर्कला नव्हती, ती बडोद्यात होती. तिकीट कोण काढणार आणि तीन वर्षं कोण पोसणार, हा प्रश्न सुटला की कोलंबियाचा प्रश्न फारसा उरत नव्हता. आणि बडोद्याच्या चाळणीत मार्क हा एकच दाणा नव्हता. एका शिक्षकाचा शब्द होता, समोरासमोर झालेलं बोलणं होतं, आणि या समाजातला एक माणूस शिकला पाहिजे असं ठरवलेला एक राजा होता. यातलं एक जरी नसतं तरी २८२ वाला विद्यार्थी बोटीत बसला नसता.

म्हणजे ‘मार्कांनी काही होत नाही’ हे चूक. मार्कांच्या जागी दुसरं काहीतरी मोजलं गेलं, आणि ते मोजणारे लोक योगायोगाने जागेवर होते.

बरं, आत गेल्यावर काय झालं? तिथे राहायची जागा बदलत बदलत शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर खोली मिळाली. ही मैत्री जन्मभर टिकली. आणि मग हा माणूस अभ्यासक्रमांवर अक्षरशः तुटून पडला. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. एम.ए.ला इतकं लागत नाही हो! पण परळमध्ये ज्याला भाषा निवडायचीही मुभा नव्हती, त्याच्यासमोर पहिल्यांदाच सगळा मेनू ठेवला होता. जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन, जेम्स शॉटवेल ही शिक्षकांची नावं. १९१५ ला एम.ए. झाली. ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. जात कशी तयार होते आणि कशी टिकते, यावरचा हा निबंध अजून वर्गात शिकवतात.

त्याच वर्षी दुसरा अर्ज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. आता फरक बघा. या वेळी हातात सेलिग्मन यांची शिफारस होती. लंडनचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्यापर्यंत ती पोचली. फॉक्सवेल यांचं नंतरचं एक पत्र त्या संस्थेने जपून ठेवलंय. त्याचा आशय असा की या गृहस्थाचं डॉक्टरेटचं काम आधीच झालंय, जिंकायला आता इथे फारसं काही शिल्लक नाही. मॅट्रिकच्या २८२ चा उल्लेख आता कोण करणार? तीन वर्षांत केलेल्या कामाने तो आकडा झाकला गेला. प्रवेशाची फी होती १० पौंड १० शिलिंग, म्हणजे जवळजवळ एका महिन्याची शिष्यवृत्ती. भूगोल हॅलफर्ड मॅकिंडरकडे, समाजशास्त्र हॉबहाउसकडे. शिवाय बॅरिस्टर व्हायला ग्रेज इनमध्येही नाव घातलं.

आणि मग पैसे संपले.

ही गाळलेली गोष्ट. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याने परत बोलावलं, आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान आणि पुस्तकं पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडाली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, लोक काठ्या घेऊन दारात आले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकायचे. कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला माणूस, आणि फायली लांबून फेकल्या जातायत. काही दिवसांतच बडोदं सोडावं लागलं. दहा वर्षांच्या कराराचं हे असं झालं.

लंडनला परत जाण्यासाठी तीन वर्षं गेली. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार महिना ४५०. त्यातून काटकसर करून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे १५०० रुपये, आणि नवल भथेनांकडून ५००० रुपयांचं कर्ज. १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. मात्र अधिकृतपणे मिळाली १९२७ ला. का माहितीय? तिथला नियम होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, मगच पदवी. प्रबंध तयार होता, तो पुस्तकरूपाने यायला १९२५ उजाडलं.

बघा ना, या सगळ्या गोष्टीत बुद्धी कुठेच अडली नाही. दर वेळी अडले ते पैसे, नाहीतर जात.

आता थोडं कोलंबियाबद्दलच. बाबासाहेब तिथून बाहेर पडल्यावर तीनच वर्षांनी तिथल्या पदवी कॉलेजच्या प्रवेशाचे नियम बदलले. लक्षात ठेवा, हे पदव्युत्तर विभागाचं नाही, आपल्याकडच्या बारावीनंतरच्या प्रवेशासारखं आहे. तोवर परीक्षा पास झालात की प्रवेश. त्यामुळे न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं भराभर आत येत होती. संस्थेच्या वरिष्ठांना ते खुपू लागलं. मग १९१९ पासून थॉर्नडाइक यांची मानसिक चाचणी आली, अर्जात धर्म आणि आई-वडिलांचं जन्मस्थान विचारू लागले, फोटो मागू लागले, मुलाखत घेऊ लागले. ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे शब्द आले. इतिहासकारांनी नोंदवलंय की ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून काही वर्षांत २० च्या आसपास आलं. हार्वर्डमध्ये तर अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये उघड कोटा सुचवला होता. तो फेटाळला गेला, आणि मग तेच काम ‘व्यक्तिमत्त्वा’च्या निकषाने झालं.

हे मी का सांगतोय? कारण आज तुम्ही अमेरिकेला अर्ज करता तेव्हा ‘आम्ही फक्त मार्क बघत नाही, पूर्ण माणूस बघतो’ असं वाचता आणि तुम्हाला बरं वाटतं. कमी मार्कवाल्याला तर फारच बरं वाटतं. आज त्याचा उपयोग खरंच होतो, कुणाची परिस्थिती काय होती हे सांगायला तिथे जागा असते, आणि ती जागा वापरायलाच हवी. तुमच्या २८२ मध्ये काय काय होतं ते तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कोण लिहिणार? पण हा दरवाजा बांधला गेला तेव्हा तो काही लोकांना आत घेण्यासाठी नव्हता, बाहेर ठेवण्यासाठी होता. ‘पूर्ण माणूस’ बघणाऱ्याची नजर कशी आहे, यावर सगळं अवलंबून. तीच गोष्ट केळुसकरांची आणि तीच त्या कॉलेजातल्या चहावाल्याची. दोघांनीही मार्क सोडून माणूसच बघितला होता.

आणि पैशाची चाळणी? ती आजही इथेच आहे. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. वर्षाला १२५ जागा, सगळ्या देशात मिळून. तुमच्यापैकी कुणी यात बसत असेल तर जरूर अर्ज करा, उत्तम योजना आहे. फक्त दोन अटी नीट वाचा. पहिली, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के. इथे केळुसकर मधे पडून महाराजांशी बोलू शकत नाहीत, आकडा भरला नाही की अर्ज पुढे सरकत नाही.

दुसरी अट २०२२ च्या नियमांत आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसत नाहीत. म्हणजे ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचलेल्या निबंधाचा विषय घेऊन कुणी आज अर्ज केला, तर त्याला ६० काय, ९० टक्के असले तरी चालणार नाही.

पुढच्या भागात सिडनहॅम कॉलेजातली वर्षं, आणि १९२० च्या जानेवारीत निघालेला ‘मूकनायक’. तोवर मेसेज पाठवत राहा, मार्क लिहिले नाहीत तरी चालेल.